ताई रिटर्न झाली

चहा घ्या आधी. हसताना ठसका लागला तर मी जबाबदार नाही. एका इंग्रजी शब्दापायी मी चांगल्या चालत्या नोकरीचा राजीनामा देऊन बसलो होतो! हो, मीच. अबू धाबीत इतकी वर्षं इंग्रजी ईमेल लिहून पोट भरणारा मी!

त्याचं असं झालं. माझी वृंदाताई इंग्लंडला असते. लंडनबिंडन नाही हं, पार आडबाजूच्या एका काउंटीत, जिथे माणसांपेक्षा मेंढ्या जास्त. आई कुडाळला एकटी. आणि आम्हा बहीणभावाचं वर्षानुवर्षं एकच तुणतुणं. मी म्हणायचो, "ताई, तू परत ये, मग मी येतो." ती म्हणायची, "शहाणाच आहेस! आधी तू ये." आणि आई म्हणायची, "या रे सावकाश. मी कुठे जातेय?"

तर आमच्या भावोजींना एक नाद आहे. त्यांच्या काउंटीतल्या कौन्सिल निवडणुकांचा इतिहास! आपल्याकडे जिल्हा परिषद, तसं त्यांचं कौन्सिल. कुठल्या जमीनदाराच्या विरोधात उभं राहायची कुणाची छाती झाली नाही, कुठल्या कर्नलला गावच्या खाटकानं पाडलं, मेंढीबाजाराच्या जागेवरून कशी जुंपली. यावर ते व्हॉइस नोट पाठवतात. ही लांबलचक! मी शेवटचं तेवढं ऐकतो आणि अंगठा पाठवून देतो. खरं सांगा, तुम्ही वेगळं काय केलं असतंत?

त्या दिवशी ऑफिसातून मोहम्मद बिन झायद सिटीला घरी चाललो होतो. गाडीत भावोजींची व्हॉइस नोट लावली, सरळ शेवटाला नेली. भावोजींचा आवाज चक्क भरून आलेला. "...आणि आज, एवढ्या सगळ्या इतिहासानंतर, आपली वृंदा रिटर्न्ड! अनअपोज्ड!"

मी गाडी कडेला घेतली.

ताई परत आली? आणि अनअपोज्ड? म्हणजे कुणी विरोधच केला नाही? भावोजींनी नाही, पोरांनी नाही? अहो, डोळ्यांत पाणी आलं. समोर रस्ता, पलीकडे वाळू, आणि मला दिसतेय कुडाळच्या घराची मागची पायरी. तिथे बसून आम्ही दोघं कोकमाचे रातांबे फोडायचो. बोटं लाल, शर्ट लाल, आणि आईचा ओरडा मात्र एकट्या ताईला.

आता सांगा, ताईला फोन करायला हवा होता की नाही? पण मी केला आईला.

"आई, ताई परत आली!"

"कुठे आली?"

"म्हणजे निघाली असेल गं. कायमची!"

मग आई म्हणाली, "माळ्यावरची गादी उन्हात टाकायला हवी." आणि फोन ठेवलासुद्धा!

घरी बायकोला सांगितलं. स्मिता म्हणाली, "ताईंशी बोललास का?"

"सरप्राइज असणार गं!"

आमची इरा मोबाइलमधून डोकं वर काढून म्हणाली, "सो आर वी ऑल्सो गोइंग, बाबा? फॉर गुड?"

"यल्ला! बॅगा भरा!" मी म्हटलं.

"जरा थांब," असं स्मिता म्हणत होती. पण आता थांबायचं कशाला? ताईनं शब्द पाळला, आता माझी पाळी! दुसऱ्या दिवशी सकाळी राजीनामा घेऊन साहेबाच्या केबिनमध्ये हजर. साहेब ग्रॅहम, अस्सल इंग्लिश माणूस.

"ग्रॅहम, मी जातोय. माझी बहीण रिटर्न झाली. अनअपोज्ड."

ग्रॅहम उठून उभाच राहिला. "अभिनंदन! आमच्या इंग्लंडमध्ये? कुठल्या काउंटीत?"

मी काउंटीचं नाव सांगितलं.

"वा! मग तू तिच्या मदतीला चाललास?"

"अर्थात! भाऊ आहे मी."

"चार वर्षांसाठी ना?"

"छे! कायमची, इन्शाल्ला!"

ग्रॅहम हसला. "सगळ्यांना तसंच वाटतं. माझे काका सहा वेळा रिटर्न झाले होते."

सहा वेळा! मला गलबलून आलं. काय ती घराची ओढ! "मग मधेमधे ते जायचे कुठे?"

"कुठेच नाही. लोकांची तीच तर तक्रार होती." मग त्यानं विचारलं, "बहिणीची पार्टी कुठली?"

"पार्टी कुडाळला! वडे-सागोती! तूही ये."

ग्रॅहम हळूच खाली बसला. मलाही बसवलं. आणि लहान मुलाला समजवावं तसं समजावलं, की बाबा रे, निवडणुकीत निवडून येणं म्हणजे रिटर्न होणं. अनअपोज्ड म्हणजे विरोधात कुणी उमेदवारच नव्हता.

बिनविरोध! अहो, ग्रामपंचायतीच्या गावात वाढलेला माणूस मी! बिनविरोध म्हणजे काय हे मला एका साहेबानं सांगावं?

राजीनामा ग्रॅहमनं गुपचूप माझ्याच खिशात घातला. मी बाहेर येऊन ताईला फोन लावला.

"अरे, बसस्टॉपला छप्पर घाला म्हणून भांडून भांडून थकले," ताई सांगत होती. "शेवटी म्हटलं, आपणच उभं राहावं. हरले असते तर हसं नको, म्हणून कुणाला बोलले नाही. ह्यांनी सगळं सांगितलं ना तुला?"

"सांगितलं."

"मग रडतोयस का रे?"

"आनंदानं." अर्धं खरं होतं ते.

"आता चार वर्षं काही हलता येणार नाही बघ," ती म्हणाली. मग आवाज बारीक झाला. "आई काय म्हणाली?"

आईला काय सांगणार होतो मी? फोन केला. गादी अंगणात पडली होती, उशांना नवे अभ्रे चढले होते, शेजारच्या चार घरी बातमी पोचली होती. मी सगळं सांगितलं. निवडणूक, बिनविरोध, माझा राजीनामा, सगळं.

"माझी वृंदा निवडून आली? गोऱ्यांच्यात?" आई पोटभर हसली. मग थांबली. "म्हणजे ती काही येत नाही."

"नाही गं."

"असू दे. गादी चांगली तापलीय. आणि राजीनामा तू लिहिलेलाच आहेस ना? मग तू ये की."

बोला आता!

"हॅलो? आई? आवाज तुटतोय गं... रेंज गेली वाटतं..." आणि मी फोन ठेवला.

अबू धाबीत रेंज कधी म्हणजे कधीच जात नाही, हे आईला दर फोनला फुशारकीनं कोण सांगत आलंय? मीच!