तोंग वहिनींनी पाहुणा भाजला

आमच्या लिऊशू गावात तोंग वहिनींच्या घरून कुणी गारठून परत गेलं, असं कधी झालं नाही. शिव्या खाऊन गेले, पोटाला तडस लागेस्तोवर जेवून गेले, पण गारठून कुणी नाही. वहिनी दारातच धरायच्या. "टोपी काढ! बूट काढ! चढ कांगवर! दारात पुतळ्यासारखा काय उभा राहिलास? सगळी ऊब चालली ना बाहेर!" टपाल द्यायला आलेला माणूससुद्धा आधी कांगवर चढायचा, दोन पेले गरम पाणी प्यायचा, आणि मग कशाला आलो होतो ते आठवायचा.

हिवाळ्यात आम्ही घरात राहत नाही, कांगवर राहतो. बाहेरच्या खोलीत चूल आणि आतल्या खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत विटामातीचा ओटा, तोच कांग. चुलीचा धूर ओट्याच्या पोटातून रांगत जातो आणि पलीकडच्या धुराड्यातून बाहेर पडतो. चुलीकडचं टोक ते कांगचं डोकं, धुराड्याकडचं टोक ती शेपटी. डोक्याशी भाकरी भाजून निघेल. शेपटीला भिंतीवर पांढरं दहिवर धरतं आणि सकाळी केस भिंतीला चिकटतात.

वहिनींना ते डोकं फुकट मिळालं नव्हतं. लग्न होऊन आल्या तेव्हा रीत सगळ्या गावाची तीच होती. वडीलधारे डोक्याशी, सून शेपटीला. त्यांची सासू म्हणजे काय विचारू नका. म्हातारी रोज सकाळी म्हणायची, "आता माझं काही खरं नाही," आणि दुपारी तीन वाडगे बाजरीची पेज रिचवायची. वहिनींचे गुडघे त्या शेपटीलाच गेले. नवरा गेला, पोरगा मोठा झाला, तरी म्हातारी आपली डोक्याशीच. शेवटी ती गेली तेव्हा वहिनी खरंच धाय मोकलून रडल्या, आणि माती देऊन आल्या त्याच संध्याकाळी आपली वळकटी उचलून डोक्याशी टाकली. मला म्हणाल्या, "हुइलान, आता मला इथून चौघांनीच उचलायचं."

त्यांचा एकुलता एक मुलगा बाओशान. हात सोन्याचे, गावातले सगळे पंप तोच दुरुस्त करायचा. पण बोलायची वेळ आली की जीभ टाळ्याला चिकटलीच. मुलगी बघायला नेलं तर हा स्वतःच्या बुटांकडे बघत बसायचा. दोन ठिकाणी तर मुलीला वाटलं, बुटांचाच सौदा करायला आलाय. तिशी उलटून चार वर्षं झाली. वहिनी वरून शिव्या द्यायच्या, आतून झुरायच्या. "उद्या माझे डोळे मिटले तर हा दगड कुणाशी बोलेल गं? पंपाशी?"

मग सामुदायिक शेती मोडून जमिनी पुन्हा घरोघर वाटल्या त्याच्या पुढच्या वर्षी हा नदीपलीकडे एक पंप दुरुस्त करायला गेला. तिथे शाओ गाडीवानाच्या मुलीने, छुनयानने, त्याला दोन उकडलेली अंडी दिली. हा ती खिशात घालून तसाच घरी आला. वहिनींनी विचारलं, "खाल्ली का नाहीस रे?" तर म्हणतो, "राहू देत." चार दिवस अंडी खिडकीत! मी म्हटलं, वहिनी, पोरगं गेलं हातचं. आता मध्यस्थी मीच करते.

मध्यस्थाला आमच्याकडे डुकराचं मुंडकं मिळतं. पण मी काही मुंडक्यासाठी केलं नाही. मुंडकंही होतं, एवढंच.

मुलगी तयार होती. प्रश्न होता बापाचा. शाओ म्हणजे अर्धा खांब आणि अर्धा घोडा, मोजकं बोलणारा, बायको गेल्यावर पोरीला एकट्याने वाढवलेला. मला म्हणाला, "जमीनजुमला विचारत नाही. एवढंच विचारून या, त्यांचा कांग गरम असतो का."

मी निरोप दिला आणि वहिनी उसळल्याच. "माझा कांग? माझा? अगं, माझ्या कांगवर मेलेली कोंबडी ठेवली तर उठून अंडं देईल! येऊ दे त्याला. असा शेकते की जन्मभर आठवण काढील!"

तोंडातून शब्द कसे निघतात बघा.

त्यांनी डुक्कर कापायचाच दिवस ठरवला, म्हणजे पाहुण्याला ताजं खायला मिळेल. घर बघायला आलेल्या माणसाची आमच्याकडे एक रीत आहे. तोंडाने हो-नाही कुणी म्हणत नाही. जेवण संपेपर्यंत पाहुणा कांगवर बसला तर होकार. मध्येच पाय खाली सोडले तर नकार, आणि मग कारण विचारायचं नाही. पाहुणा नुसता लघवीला उठला तरी मध्यस्थाच्या काळजात धस्स होतं.

शाओ आला तो घोड्याच्या घसरगाडीतून, मिशांना बर्फाची लोंबकळणारी टोकं घेऊन. त्या दिवशी दाराच्या कडीला उघडा हात लावला असता तर कातडी तिथेच राहिली असती. वहिनींनी त्याला टोपी काढायचीही उसंत दिली नाही.

"या, या, वर या. इथे बसा, डोक्याशी."

"नको वहिनी, ती वडीलधाऱ्यांची जागा. मी आपला तिकडे, शेपटीला बसतो."

"शेपटीला? पाहुण्याला कुणी शेपटीला बसवतं होय? गाव तोंडात शेण घालील माझ्या!"

"गाडीवान माणूस मी, मला गारठ्याची सवय आहे. तिकडेच बरं."

"बसा म्हणते ना!" आणि त्या एवढ्या मोठ्या गड्याला वहिनींनी खांद्याला धरून आपल्या जागेवर दाबून बसवला. ज्या जागेवर त्या गावच्या प्रमुखालाही टेकू देत नसत. समोर बसकं मेज सरकवलं, ज्वारीची दारू गरम करून ओतली, आणि मला डोळ्याने खुणावलं. म्हणजे, चुलीत घाल.

मी घातलं. आमच्याकडे जेवण आणि ऊब एकाच चुलीतून निघतात, हे त्या दिवशी आम्हा दोन शहाण्या बायकांपैकी एकीच्याही ध्यानात आलं नाही. आंबवलेली कोबी आणि डुकराचं मांस शिजलं, तेवढा कांग तापला. मग रक्त भरलेली आतडी उकडली, कांग आणखी तापला. गोठवलेला टोफू, हाडांचा रस्सा, वाफेवरचे डाळीचे चिकट गोळे. पाहुण्याचा मान वाढत होता आणि पाहुण्याखालची वीटही.

शाओने पहिल्या वाडग्याला कोट काढला. वहिनी बाहेर येऊन माझ्या कानात म्हणाल्या, "कोट काढला!" दुसऱ्या वाडग्याला आतलं कापूसभरलं जाकीट काढलं. "जाकीट काढलं गं! घाल, घाल अजून एक ओंडका." तिसऱ्याला त्याच्या कपाळावरून घाम निथळायला लागला आणि वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं. आपला कांग पसंत पडला म्हणून.

मी दारातून डोकावले तर शाओ एकदा डाव्या कुल्ल्यावर, एकदा उजव्या. चेहरा उकडलेल्या बिटासारखा. पुन्हा पुन्हा शेपटीकडे बघत होता.

"वहिनी, मी जरा तिकडे सरकून बघू का?"

"कशाला? तिकडे काय ठेवलंय? हा तुकडा घ्या, पोटाकडचा आहे."

"नाही म्हणजे, ते टोक जरा..."

"त्या टोकाकडे बघायचंच नाही! खा तुम्ही!"

शाओचा चेहरा पडला. मला वाटलं, जास्त झालंय खाणं.

बाओशान दाराशी उभा होता, बुटांकडे बघत. त्याने एकदा मान वर केली. "आई, कांग..."

"तू गप्प रे! आयुष्यभर गप्प बसलास, आजच तोंड फुटलं?"

तो पुन्हा बुटांकडे बघायला लागला.

जरा वेळाने जळका वास यायला लागला. आता यात माझी काय चूक? मी बाहेर माझं मुंडकं घेऊन बसले होते, लालभडक सळईने त्यावरचे केस जाळत. वहिनी आतून ओरडल्या, "हुइलान, वास येतोय!" मी म्हटलं, "मुंडकं आहे!" त्या पाहुण्याला म्हणाल्या, "मुंडकं आहे." पाहुणा म्हणाला, "हो का," आणि दात आवळून पुढचा घास घेतला.

मुंडकं नव्हतं. कापूस भडकत नाही, आतल्या आत धुमसतो. शाओच्या कापूसभरल्या विजारीतून निळसर धुराची एक बारीक रेघ निघाली आणि छताकडे गेली. वहिनी ती रेघ बघत राहिल्या. मी बघत राहिले. शाओने जेवायच्या काड्या खाली ठेवल्या नाहीत.

हलला तो बाओशान. कोपऱ्यात गोठलेल्या काळ्या नाशपात्या गार पाण्यात सैल व्हायला ठेवल्या होत्या. त्याने ते घमेलं उचललं, एका हाताने होणाऱ्या सासऱ्याला पालथा पाडला, आणि पाणी, बर्फाचे पापुद्रे, नाशपात्या सगळं त्याच्या बुडावर ओतलं. सूं करून वाफ निघाली. मग बगलेत हात घालून त्याला कांगवरच्या कांगवर ओढत थेट शेपटीला नेऊन टाकला. खाली उतरू दिला नाही. जन्मात पहिल्यांदा पोराने रीत आणि माणूस दोन्ही एकदम सांभाळलं, आणि वर तीन शब्दही बोलला. "काका, पालथेच राहा."

वहिनी कांगच्या कडेला येऊन टेकल्या. "मेलं, संपलं! सोयरा भाजला मी! अहो, तुम्हाला तोंड नव्हतं का? भाजतंय म्हणून सांगायला काय झालं होतं?"

"सांगून कसं चालेल?" शाओ पालथाच कण्हत म्हणाला. "सांगितलं की उतरावं लागणार. पोरीने निघताना बजावलं होतं, बाबा, काही झालं तरी त्या कांगवरून पाय खाली टाकू नका."

बाओशानचे कान लाल झाले. मला हसू आवरेना, म्हणून मी तोंडात बाही कोंबली. पण शाओ हसत नव्हता. त्याने पालथ्या पालथ्या हात लांब करून चटईवर तळवा टेकवला, मग भिंतीला लावला. भिंतीवरचं दहिवर त्याच्या बोटांना लागलं.

"मला हेच बघायचं होतं," तो म्हणाला. "डोकं काय, भिकाऱ्याच्या घरचंही गरम असतं, वहिनी. मी शेपटीचं विचारलं होतं. माझी पोर इथेच निजणार ना?"

त्याने बोटांवरचं दहिवर चटईला पुसलं.

"लहानपणी गाडीतून नेताना तिचे पाय हिमाने खाल्ले. माझ्याच गाडीत. अजून दर हिवाळ्याला सुजतात, फुटतात. ती सांगणार नाही. कुठेही निजेल." त्याने डोळे मिटले. "मुलगा चांगला आहे तुमचा. पण इथे फार गार आहे हो."

खरं सांगते, मला माझी लाज वाटली. मी स्वतः शेपटीला निजून म्हातारी होत आलेय, आणि बापाचा प्रश्न मला कळला नाही. वहिनींना तर कळायलाच हवा होता. त्या कांगच्या कडेला दोन्ही हातांनी गुडघे चोळत बसल्या होत्या. मला वाटलं, आता या फाडफाड बोलतील. म्हणतील, मी काढले तसे तिने काढावेत दिवस. आणि म्हणाल्या असत्या तर गावात एकानेही त्यांना नाव ठेवलं नसतं.

त्या उठल्या. डोक्याशी भिंतीला लावून ठेवलेली आपली वळकटी ओढली, उशी काखोटीला मारली, आणि लंगडत लंगडत कांगच्या कडेने येऊन ते सगळं शाओच्या कानाशी धप्पकन आदळलं.

"ही माझी जागा. पोर तिकडे निजेल, डोक्याशी. मध्ये पडदा लावू."

"अहो, सासू शेपटीला? लोक काय म्हणतील?"

"लोकांना काय, त्यांना हिवाळ्यात दुसरं काम काय असतं!"

"आणि तुमचे गुडघे?"

"माझे गुडघे कधीच गेले. गेलेली वस्तू पुन्हा काय जायची?" त्यांनी जोरात नाक ओढलं. "तिचे पाय अजून आहेत ना? मग पुरे. आणि तुम्ही हलू नका, विजारीला मागून खिडकी पडलीय."

शाओ बराच वेळ वळकटीत तोंड खुपसून पडून राहिला. खांदे हलत होते. दुखत असेल असं समजून मी चरबीचा लेप करायला वळले, तेवढ्यात त्याने मान वर केली.

"माझा वाडगा राहिलाय तिकडे."

बाओशानने वाडगा आणून दिला. शाओने कोपरांवर रेलून, पालथ्याच, एक एक घास करत शेवटच्या थेंबापर्यंत संपवला. मिशा पुसल्या आणि रिकामा वाडगा पुढे केला.

"विहीणबाई, थोडी कोबी वाढा अजून."

वहिनी वाढायला धावल्या, आणि त्यांना पळी सापडेना. चुलीवर बघितलं, मेजाखाली बघितलं, माझ्यावर खेकसल्या, बाओशानला दोन शिव्या घातल्या, डोळे पुसले, पुन्हा शोधायला लागल्या. पळी त्यांच्या हातातच होती.