बाबूजींचं औषध आणि माझा डावा कान

आमचं गाव इटियाडोह धरणाच्या नहराला, म्हणजे कालव्याला, लागून. माझे बाबूजी धानाचे शेतकरी, वैद्य नव्हेत. पण घरामागच्या वाडीत अडुळसा, तुळस, भुईनिंब अशी झाडं त्यांनी हौसेनं लावली होती. कोणी खोकत आलं की अडुळशाची पानं वाफवून रस काढत, त्यात मध घालून देत. घसा बसला तर मीठ-हळदीच्या पाण्याच्या गुळण्या सांगत. बाजारगावचा डॉक्टर शिंक आली तरी सुई टोचायचा आणि दोन रंगांच्या कॅप्सूल पुडीत बांधून द्यायचा. त्यावर बाबूजींचा राग होता. "सर्दीले सुई कायले पाहिजे जी? सर्दी आपल्या पायानं येते, आपल्या पायानं जाते," असं ते म्हणत. त्यात चूक काही नव्हतं. त्यांच्या हातचा तो कडूगोड रस पिऊन माझे कितीतरी खोकले गेले.

सातवीच्या उन्हाळ्यात आम्ही मुली नहरात मनसोक्त डुंबलो. त्यानंतर माझा डावा कान ठणकायला लागला. ताप चढला. उशीवर डोकं ठेवता येईना. माय म्हणाली, "गोंदियाले नेऊन दाखवा हिले." बाबूजी म्हणाले, "नेतील अन् सुई टोचतील. मी पाहतो ना."

त्यांनी कुंपणाच्या रुईचं पिकलेलं पान आणलं, त्याला तूप लावून चुलीवर शेकलं आणि त्याचा रस माझ्या कानात पिळला. मी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून रडत होते. थोड्या वेळानं, खरंच सांगते, ठणका एकदम थांबला. कोणी बटण दाबावं तसा. मी उठून बसले आणि भूक लागली म्हणाले. बाबूजींचा चेहरा असा फुलला की बस. मायला हाक मारून म्हणाले, "पाहिलंस? लागलं ना औषध!"

दुसऱ्या दिवशी सकाळी माझी उशी पिवळ्या पाण्यानं ओली होती. बाबूजी म्हणाले, आतली घाण बाहेर निघून राहिली, चांगलंच आहे. दुखणं थांबलं होतं, म्हणून रस चालू राहिला. कान मात्र वाहायचा थांबेना. शाळा उघडल्यावर बाई डावीकडून बोलल्या की मला काही कळेना. त्यांनी घरी निरोप पाठवला, तेव्हा कुठे आम्ही गोंदियाला गेलो.

कानाच्या डॉक्टरांनी आत उजेड टाकून पाहिलं आणि हिंदीत विचारलं, "कान में क्या डाला?"

बाबूजी टोपी हातात घेऊन उभे होते. म्हणाले, "रुई का पत्ता, साहेब."

डॉक्टरांनी नुसती मान हलवली. ते मान हलवणं बाबूजींना शिव्यांपेक्षा लागलं असावं. मला अँटिबायोटिक गोळ्या मिळाल्या, कानात टाकायचे थेंब मिळाले, आणि कान कोरडा झाला. ऐकू येणं मात्र पुरतं परतलं नाही. आजही डाव्या बाजूचं बोलणं मला भिंतीपलीकडून आल्यासारखं वाटतं.

घरी आल्यावर बाबूजींनी कोयता घेतला आणि कुंपणाची रुई तोडली. तिथून वाडीत जाऊन अडुळसाही तोडला. माय दारातून ओरडली, "त्यानं काय केलं तुमचं? काऊन तोडून राहिले?" ते कोयता चालवतच राहिले.

तेव्हापासून कोणी खोकत आलं की ते म्हणत, "दवाखान्यात जा. मले काही येत नाही." लोकांना वाटलं, माणूस घमेंडी झाला. आणि ज्या सुईवर ते चिडायचे, त्याच सुईसाठी ते मला साध्या सर्दीतही सायकलवर बसवून बाजारगावी न्यायला लागले. मी कितीतरी कॅप्सूल विनाकारण गिळल्या. आमच्या घरात औषध आता भीतीपोटी घेतलं जायचं.

मला वेगळंच काही खात होतं. मी "काय?" असं विचारलं की बाबूजींचा चेहरा पडायचा. ते उठून माझ्या उजव्या बाजूला येत आणि तेच वाक्य पुन्हा हळू म्हणत. मला ते बघवेना. मग मी ओठांवरून अंदाज बांधून हो-ला-हो करायला शिकले. दोष माझ्या कानाचा, आणि शिक्षा ते भोगत आहेत, असंच मला वाटायचं. मी नहरात गेले नसते तर, हा विचार कितीदा आला असेल.

पुढे लग्न होऊन मी गोंदियातच आले. मुलगी चार वर्षांची असताना तिला सर्दी-खोकला झाला. बाबूजी तेव्हा आमच्याकडे आले होते. त्यांनी बसूच दिलं नाही. "आत्ताच्या आत्ता चाल दवाखान्यात." आम्ही रिक्षानं गेलो.

डॉक्टरीण तरुण होती. तिनं मुलीची छाती तपासली, घसा पाहिला, कानही पाहिले. म्हणाली, "साधी सर्दी आहे. अँटिबायोटिकची गरज नाही. कोमट पाणी पाजा, झोपताना चमचाभर मध द्या. ताप वाढला, धाप लागली किंवा कान दुखला तर मात्र लगेच आणा."

बाबूजी पुढे सरकले. "कॅप्सूल नाही देत का जी? लिहा ना एखादी."

"नाही बाबा. या सर्दीवर ती चालतच नाही. उगाच दिली, तर उद्या खरी लागेल तेव्हा काम करणार नाही."

बाबूजी उठले नाहीत. मी हात धरला तरी बसून राहिले. मग माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "हिच्या कानात मी रुईचा रस टाकला होता. लहान होती. ठणका लगेच थांबला. मंग कान कसा काय गेला?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न त्यांनी कोणालाच विचारला नव्हता.

डॉक्टरीण म्हणाली, "आत पू साचतो, बाबा. त्याच्या दाबानं पडदा फुटला की ठणका थांबतो. रसानं नाही थांबला तो. आणि फुटलेल्या पडद्यातून रस आत गेला असेल."

"आधी आणलं असतं त?"

"कदाचित वाचला असता. नक्की नाही सांगता येत."

तिनं खोटा दिलासा दिला नाही, याबद्दल मी तिची आजही ऋणी आहे.

परतताना रिक्षात मी त्यांना म्हणाले, "बाबूजी, तुमचा काय दोष? तुम्हाले कुठं माहीत होतं?"

ते माझ्या उजव्या बाजूलाच बसले होते. बाहेर बघत म्हणाले, "तुले नाही समजत. तुह्या कानाचा पडदा फुटला, अन् मले त्या घडीले आनंद झाला होता. गावभर सांगत फिरलो मी."

आठवतं, मी त्यांच्या हातावर हात ठेवला आणि त्यांनी तो अलगद काढून घेतला.

त्या रात्री मुलीला मध त्यांनीच दिला. आधी स्वतः चाखून पाहिला, मग चमचा तिच्या तोंडाशी नेला. नंतर तिच्या पाठीमागे जाऊन, कधी डाव्या कानाशी, कधी उजव्या, दोन-तीन वेळा हळूच तिचं नाव घेऊन पाहिलं. ती हसली, "नाना, मी इथंच तर आहे!" आठवडाभरात तिची सर्दी गेली.

बाबूजी गावी परतले. मायच्या सांगण्यानुसार ते पुन्हा लोकांशी बोलायला लागले आहेत, पण बेतानं. साधा खोकला असेल तर मध आणि गुळण्या सांगतात. ताप, धाप किंवा कानाचं नाव निघालं की त्या माणसाला स्वतः मोटारीच्या थांब्यापर्यंत पोचवून येतात आणि गाडी सुटेपर्यंत उभे राहतात.