कधीच बंद न पडणारी गाडी

माझं लग्न झालं तेव्हा नवऱ्याकडे सायकल होती. पिकअप दुसऱ्या वर्षी आली, तीही दुसऱ्याची वापरलेली. फिकट निळा रंग, पुढे तिघांना बसायला बाक, मागे उघडा हौदा. वसईत त्या बनावटीच्या गाड्या तेव्हा नुकत्याच दिसायला लागल्या होत्या आणि त्यांचं नाव मोठं होतं. "ही गाडी वाटेत सोडत नाही," असं जो तो म्हणायचा. रविवारी मिस्सा संपल्यावर देवळाच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, आवारात पुरुषमंडळी उभी राहायची, तिथेही हाच विषय. कुणी कितीची घेतली, कुणी किती माल भरला, घोडबंदरचा चढ कुणी कुठल्या गिअरमध्ये चढवला. माझा नवरा त्यात फारसा बोलायचा नाही. कुणी विचारलंच तर म्हणायचा, "आमची तर आजपर्यंत एकदाही थांबली नाही."

ते खरं होतं. आमच्या आणि आजूबाजूच्या दहा-बारा वाड्यांतली केळी, दुधी, विड्याची पानं तो पहाटे मुंबईच्या बाजारात पोचवायचा. दुपारी अर्नाळ्याला बर्फ न्यायचा आणि तिथल्या बायकांची मासळी विरारला आणून सोडायचा. चार वर्षांत एकदाही माल वाटेत अडकला नाही. पानं कोमेजली नाहीत, मासळी नासली नाही. लोक आम्हाला माल देत तो त्या भरवशावर.

माझ्याकडे घरातल्या दोन तक्रारी होत्या. एक म्हणजे हळद फार लागायची. महिन्याची भरलेली बरणी पंधरा दिवसांत तळाला जायची. सासू म्हणायच्या, "कालवणात हळद ओतते का काय ही!" दुसरी तक्रार कपड्याच्या साबणाची. नवी वडी फोडली की दुसऱ्या दिवशी अर्धी. नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "हात काळे होतात, धुवायला लागतो." हळदीचं विचारलं तर म्हणाला, "कापलं-खरचटलं की लावतो." त्याच्या बोटांवर जखमा असायच्याच. मी आणखी विचारलं नाही. बरणी भरून ठेवायची, वडी आणून ठेवायची.

रोज निघायच्या आधी तासभर तो गाडीखाली किंवा बॉनेटमध्ये असायचा. मला वाटायचं, पुरुषांना हौस असते. काहींना पत्त्यांची असते, याला गाडीची.

शेजारच्या वाडीत त्याचा शाळेपासूनचा दोस्त राहायचा. आमची गाडी बघून त्यानेही तसलीच घेतली. घेण्याआधी आमच्या ओट्यावर बसून त्याने नवऱ्याला विचारलं होतं, "सांग खरं, घेऊ का?" मी चहा घेऊन आले होते म्हणून मला आठवतं. नवरा म्हणाला, "डोळे मिटून घे."

दोस्ताची गाडी सारखी बंद पडायची. कधी हायवेवर, कधी पारनाक्याला, एकदा तर एका लग्नाचं जेवण घेऊन चालली होती तेव्हा. निरोप आला की माझा नवरा सायकल काढून जायचा, बॉनेट उघडायचा, पाच-दहा मिनिटं काहीतरी करायचा आणि गाडी सुरू व्हायची. मग म्हणायचा, "गाडी चांगली आहे रे. तुझा हात जड आहे." आजूबाजूचे हसायचे. पुढे दोस्ताला सगळे 'जडहात्या' म्हणायला लागले. त्याची बायकोसुद्धा चारचौघांत म्हणायची, "आमच्या माणसाच्या हातात सोनं दिलं तरी लोखंड होईल." तो मान खाली घालून हसायचा.

पाचव्या वर्षी, उन्हाळ्यात, नवरा केळीचे घड हौद्यात भरत होता. भर दुपार होती. अर्धे घड भरून तो ओट्यावर येऊन बसला आणि म्हणाला, "जरा पाणी दे." मी तांब्या दिला. त्याच्या कपाळावरून, मानेवरून घाम नुसता गळत होता. म्हणाला, "छातीवर कुणी बसल्यासारखं वाटतं."

माझा दीर घरातच होता. त्याला गाडी चालवता येत होती, पण नवरा त्याच्या हातात क्वचित द्यायचा. आम्ही दोघांनी मिळून नवऱ्याला पुढच्या बाकावर बसवलं, मी त्याला धरून दाराकडे बसले. मागचे घड उतरवायला कुणाला सुचलं नाही. गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. वाटेत नवरा डोळे मिटून दिराला सांगत होता, "चोक ओढू नको... आता आत सार... दुसरा गिअर टाकताना जरा थांब." एवढंच बोलला. माझ्याशी काही बोलला नाही.

दवाखान्याच्या दारात डॉक्टर बाहेरच आले. त्यांनी गाडीत वाकून नवऱ्याच्या गळ्याला दोन बोटं लावली, मग मनगट धरलं, मग पुन्हा गळा. मी त्यांच्या सदऱ्याच्या खिशातलं पेन बघत होते. त्याची शाई गळून खिशाला निळा ठिपका पडला होता. डॉक्टर म्हणाले, "उशीर झाला." दिराने इंजिन बंद केलं नव्हतं. ते चालूच होतं, एका लयीत.

पुढच्या दिवसांबद्दल सांगण्यासारखं माझ्याकडे फार नाही. घर माणसांनी भरलं, फादर आले, सगळं रीतीप्रमाणे झालं. मी रडले नाही. लोक माझ्याकडे बघायचे आणि मग दुसरीकडे बघायचे. सातव्या दिवसाच्या मिस्सानंतर एक म्हातारे माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "गाडीने मात्र शेवटपर्यंत साथ दिली हो. वाटेत थांबली नाही." मी मान हलवली. तेच आणखी तिघाचौघांनी सांगितलं आणि प्रत्येक वेळी मी मान हलवली. मला भूक लागत नव्हती आणि झोप येत होती. बसल्या जागी झोप यायची.

दहाव्या-बाराव्या दिवशी दिराने गाडी काढली. माल थांबवून चालणार नव्हतं, वाडीवाले वाट बघत होते. त्याच आठवड्यात ती हायवेवर बंद पडली. केळी उन्हात काळी पडली. दुरुस्त केली, तर चार दिवसांनी खाडीच्या पुलावर थांबली. मग अर्नाळ्याहून येताना थांबली आणि चार बायकांची मासळी गेली. त्यांतली सर्वांत वयस्कर बाई आमच्या दारात आली. मला वाटलं भांडेल. पण ती ओट्यावर टेकली, पदराने तोंड पुसून म्हणाली, "थोरं पानी दे पोरी." पाणी पिऊन म्हणाली, "गारीचा काय दोष नाय. तिला बी कलतं, मालक गेला ते. जनावरासारखं असतं." दिरालाही ते पटलं असावं. त्या दिवसापासून तो गाडीत बसण्याआधी क्रुसाची खूण करायला लागला.

चौथ्यांदा बंद पडली तेव्हा ती दोरीने ओढून वालीवला न्यावी लागली. तिथे कारखान्यांच्या मागे एका मेकॅनिकची शेड होती. दीर म्हणाला, "वहिनी, तू पण चल. विकायची का ठेवायची, तूच ठरव." म्हणून मी गेले.

मेकॅनिक पन्नाशीचा होता, बाहेरून येऊन तिथे वसलेला. गाडी बघताच त्याने हातातलं काम खाली ठेवलं आणि विचारलं, "शेठ किधर है?" दिराने सांगितलं. त्याने पँटला हात पुसले. मग मला बसायला एक उलटा डबा दिला आणि बॉनेट उघडलं.

"बाई, इकडे या," तो म्हणाला. "हा फडका बघा. पेट्रोल पंपावर गुंडाळलेला. हा ओला पायजे. सुकला की पंप गरम होतो, गाडी बंद. शेठ दर दहा मैलांवर थांबून भिजवायचे." मग त्याने रेडिएटरचं झाकण काढून बोट आत घातलं आणि मला दाखवलं. बोट पिवळं झालं होतं. "हळद. रेडिएटर गळतो ना, हळद टाकली की भोकं बुजतात. दोन दिवस टिकतं." टाकीखाली वाकून त्याने एक जागा दाखवली. तिथे काहीतरी पांढरट थापलेलं होतं, सुकून भेगाळलेलं. मी हात लावून बघितलं. कपड्याचा साबण होता. आमच्याच घरातला.

मी विचारलं, "म्हणजे गाडी वाईट आहे का?"

"वाईट नाय, चांगली पण नाय," तो म्हणाला. "ह्या सगळ्या गाड्यांना हेच असतं. लोकं बोलतात, कधी बंद पडत नाय. बंद न पडायला काय झालं? शेठ रोज एक तास तिच्या पाया पडायचे. दर गुरुवारी इकडे यायचे, सकाळी. मी बोललो, शेठ विकून टाका. तर बोलले, नाव झालंय गाडीचं, नावावर माल मिळतो."

गुरुवारी सकाळी तो बँकेत जातो असं मला सांगायचा. मला राग आला का, हे मी तेव्हाही शोधलं आणि नंतरही. आला नाही. दुःखही नाही. फक्त त्या डब्यावर बसून राहावं, उठूच नये, असं वाटत होतं. शेजारच्या कारखान्यात पत्रा कापत होते, त्याचा आवाज येत होता.

मग मला दोस्ताची आठवण झाली. मी विचारलं, "ह्यांचा एक दोस्त आहे, त्याची गाडी..."

"जडहात्या?" मेकॅनिक म्हणाला. त्यालासुद्धा ते नाव ठाऊक होतं. "त्याच्या हाताला काय झालंय? हात बरोबर आहे त्याचा. त्याला कोणी फडक्याचं सांगितलंच नाय."

दुसऱ्या दिवशी मी दोस्ताच्या घरी गेले. तो मळ्यात पाणी लावत होता. मी बांधावर उभी राहून जे ऐकलं ते सगळं सांगितलं. फडका, हळद, साबण. तो हातातलं फावडं टेकवून ऐकत राहिला. पाणी एका वाफ्यातून भरून वाहायला लागलं तरी त्याने दुसरीकडे वळवलं नाही.

"तीन वर्षं," तो म्हणाला. "तीन वर्षं मला वाटतंय की माझ्यातच काहीतरी खोट आहे. मी तर आता सायकलच्या चेनला पण हात लावत नाही." मग म्हणाला, "यायचा तेव्हा मला पाठ करून उभा राहायचा. मला वाटायचं, उजेड नीट यावा म्हणून."

मी म्हटलं, "मला माहीत नव्हतं."

"तुला कसं माहीत असणार?" तो म्हणाला. "तो असता तर त्याच्याशी भांडलो असतो. आता कुणाशी भांडू?" आणि तो रडायला लागला. माझ्या नवऱ्यासाठी एवढं मोकळं रडताना मी पहिल्यांदाच कुणाला बघत होते. माझे डोळे कोरडेच होते. मी वाफ्याचं पाणी वळवलं आणि घरी आले.

गाडी विकायचं ठरवलं. चंदनसारहून एक माणूस आला. त्याचा कोंबड्यांचा धंदा होता. गाडीभोवती फिरून त्याने दिराला विचारलं, "भरवशाची आहे ना?"

"अख्ख्या वसईत विचारा," दीर म्हणाला.

तो माणूस माझ्याकडे वळला. "वहिनी, तुम्ही सांगा."

दीर माझ्याकडे बघत होता. मी सगळं सांगितलं. रेडिएटर गळतो, टाकी पाझरते, पंपाला ओला फडका लागतो, रोज तासभर द्यावा लागतो. दिराने मान फिरवली. तो माणूस मात्र शांतपणे ऐकत होता. शेवटी म्हणाला, "म्हणजे म्हशीसारखं झालं. म्हशीचं पण रोज करावंच लागतं." आणि त्याने गाडी घेतली. मी काही सांगितलं नसतं तरी घेतलीच असती, असं मला आजही वाटतं. तो नाव ऐकून आला होता.

दिराला वालीवच्याच एका कारखान्यात काम मिळालं. लग्नाआधी मी डी.एड. केलेलं होतं, मला विरारला प्राथमिक शाळेत जागा मिळाली. सासू घर बघायच्या. रडू मला पुढच्या वर्षी आलं, काही कारण नसताना, वर्गात हजेरी घेताना. मुलं गप्प बसली. मी रुमालाने तोंड पुसलं आणि राहिलेली नावं वाचली.

आणखी दोन-तीन वर्षांनी विरार पूर्वेला स्टेशनबाहेर तो कोंबड्यांचा माणूस भेटला. त्याच्यामागे एक कोरी करकरीत पिकअप उभी होती, पांढरी. मी जुन्या गाडीचं विचारलं.

"भंगारात दिली वहिनी. फार छळलं तिने. एकदा तर शंभर कोंबड्या उन्हात मेल्या."

"आणि ही कुठली?"

"तीच कंपनी," तो म्हणाला. माझा प्रश्नच त्याला नवलाचा वाटला असावा. "दुसरी कुठली घेणार? ह्यांच्यासारखी गाडी नाही. कुणालाही विचारा."

त्याने शाळेपर्यंत सोडतो म्हटलं. शाळेची घंटा व्हायला वीस मिनिटं होती. मी दार उघडून आत बसले. सीटवरचं प्लॅस्टिक अजून काढलेलं नव्हतं.