म्हातारीचा हंडा आणि माझ्या पाच विकेटा

नव्या लेदर बॉलचा वास आला, की परळीहून आणलेला तो स्वस्तातला बॉल आठवतो. शिवण अंगठ्यानं दाबून मीच निवडला होता. महागड्या बॉलसारखा हवेत वळायचा. पण दुष्काळानं आटलेल्या तळ्यातलं आमचं पिच म्हणजे नुसता फुफाटा, बॉल उसळायचाच नाही. फायनलच्या सकाळी एका म्हातारीनं दूधसंघानं पाठवलेल्या पाण्याच्या टँकरवरून भरलेला हंडा पिचच्या कडेला टेकवला होता. ती जरा लांब गेली तसा फुफाटा बसावा म्हणून मी तो बॉलच्या टप्प्याच्या जागी ओतला आणि परत नेऊन आडवा पाडला. ती आली. "बॉल लागून पडला व्हय रं? असू दे. तुला तर कुठं लागलं न्हाई ना?" मी "न्हाई" म्हणालो. पाच विकेटा काढल्या, तेव्हा रिकामा हंडा खाली ठेवून तिनंही टाळ्या वाजवल्या. आजही कुणी माझ्या बोलिंगचं कौतुक केलं, की मी विषय बदलतो.