साडूंच्या शेजारची सीट

आमच्या साडूंइतका हेवा वाटण्याजोगा माणूस अख्ख्या संगमनेर तालुक्यात दुसरा नाही, आणि हे मी पूर्ण जबाबदारीने सांगतो, कारण हा हेवा करण्याचं काम लग्न झाल्यापासून मीच एकहाती सांभाळत आलो आहे. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचे यजमान. नात्याने मी मोठा, म्हणून ते मला ‘दाजी’ म्हणतात, खुर्ची आधी मला देतात आणि सोनईला सासुरवाडीला गेलो की माझ्यापुढे ताट आल्याशिवाय स्वतःच्या ताटाला हात लावत नाहीत. एवढा मान मिळूनही पंगतीतले सगळे डोळे असतात ते त्यांच्याकडे. मी कॉलेजात मराठी शिकवतो. माझं बोलणं शुद्ध आणि मुद्देसूद असतं, फक्त ते संपेपर्यंत कोणी थांबत नाही. साडूंनी मात्र नुसतं ‘काय सांगू दाजी’ एवढं म्हटलं, की सासूबाई पोळपाट-लाटणं टाकून स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहतात.

साडूंचा धंदा दूध गार ठेवायच्या स्टीलच्या टाक्या बसवण्याचा आणि दुरुस्त करण्याचा. पण त्यांचं खरं व्यसन म्हणजे एका वस्तूची दुसरी वस्तू करणे. एखादी गोष्ट ज्या कामासाठी बनली त्याच कामाला वापरणं त्यांना कमीपणाचं वाटतं. त्यांच्या घरी जुन्या वॉशिंग मशीनमध्ये भुईमुगाच्या शेंगा धुतात आणि टेबलफॅनपुढे बाजरी उफणतात. माझी मुलगी झाली तेव्हा त्यांनी ट्रकच्या वायपरची मोटर लावून पाळणा आपोआप हलेल अशी सोय केली. पोरगी दोन मिनिटांत झोपली. पाळणा थांबवायचं बटण तेवढं बसवायचं राहून गेलं होतं, त्यामुळे दुसऱ्या दिवशी वीज जाईपर्यंत आम्ही तिला हलत्या पाळण्यातूनच काढत आणि ठेवत होतो. याबद्दल त्यांना कोणी बोललं का? छे! सगळं सासर आजही त्या पाळण्याचं कौतुक सांगतं. तिच्या बारशाला मी स्वतः रचलेली ओवी मात्र कोणाच्याही लक्षात नाही.

हे सगळं मी गिळलं होतं. पण काही वर्षांपूर्वी पुण्याच्या एका डेअरीमालकाच्या बंगल्यामागे, जांभळाखाली सडत पडलेली एक जुनी परदेशी स्पोर्ट्स कार साडूंना दिसली, आणि ती त्यांनी ट्रकवर घालून घरी आणली. लाल रंगाची, दोन दारांची आणि इतकी ठेंगणी, की आत बसताना माणसाला आधी उकिडवं व्हावं लागे. बॉनेटखाली मांजर व्यालेलं होतं. पिल्लं आपल्या पायांनी चालत बाहेर येईपर्यंत साडूंनी त्या गाडीला पाना लावला नाही, रोज वाटीभर दूध मात्र लावलं.

आता मनातलं सांगतो. तसल्या गाडीचं वेड मला आहे. लहानपणापासून आहे. तसली गाडी रस्त्यात कुठे दिसली तर मी चपलेचा अंगठा नीट करण्याच्या निमित्ताने तिच्याजवळ थांबतो. आणि माझ्याकडे काय आहे? पांढरी, चार दारांची, समंजस गाडी, जिच्या सीटवरचं प्लॅस्टिक अजून काढलेलं नाही. इच्छा माझी आणि गाडी त्यांना, हा कुठला न्याय? तरी मी स्वतःची समजूत घातली, की ते ती धुऊनपुसून लग्नाच्या वरातींना काढतील आणि आपण तेवढ्यापुरते तोंड फिरवून उभे राहू.

‘‘दाजी,’’ साडू म्हणाले, ‘‘हिची मी रॅलीची गाडी करनार.’’

‘‘म्हणजे?’’

‘‘म्हंजी मातीत पळवायची. खड्ड्यातनं, ओढ्यातनं.’’

‘‘अहो, पण ती जवळजवळ जमिनीला टेकलेली आहे.’’

‘‘म्हनून तर उचलायची!’’

आणि त्यांनी ती खरंच उचलली. जीपच्या स्प्रिंगा घालून, चाकं बदलून त्यांनी ती गुडघाभर वर घेतली. खालून दगड लागू नये म्हणून भंगारातल्या दुधाच्या टाकीचा जाड पत्रा ठोकला. गाडी उलटली तर माणसं चेंगरू नयेत म्हणून आत लोखंडी पिंजरा लागतो, तो आधी त्यांनी गोठ्यात गाई अडवायच्या पायपांचा केला होता. रॅली भरवणाऱ्या हौशी मंडळींनी तो बघून कपाळाला हात लावला, तेव्हा कोपरगावहून दणकट पाइप आणून तो पुन्हा केला. काढलेल्या पायपांत साडूंनी जास्वंदीची रोपं लावली. मी दर रविवारी ‘सहज’ जात असे. त्यांनी पाना मागितला की मी तो विलंबाने देई, तेवढंच माझ्या हातात होतं.

मग त्यांना वजनाचं वेड लागलं. रॅलीची गाडी जितकी हलकी तितकी चांगली, हे त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. त्यांनी गाडीतला गालिचा काढला, रेडिओ काढला, मागचं बाक काढलं, बाजूच्या काचा काढून प्लॅस्टिकचे सरकते तक्ते बसवले. काढायला काही उरलं नाही तेव्हा ते स्वतःकडे वळले. भाकरी बंद केली, मनगटावरचं घड्याळ आणि बोटातल्या अंगठ्या काढल्या, आणि एक दिवस सलूनमध्ये जाऊन त्यांनी आपली ती प्रसिद्ध झुपकेदार मिशी साफ उतरवली.

‘‘अहो, मिशीचं असं वजन कितीसं असणार?’’ मी विचारलं.

‘‘वजन न्हाई वो दाजी. पन आता म्हायतीय ना, की ठिवलं काईच न्हाई.’’

नेमकं त्याच आठवड्यात त्यांना सोनईला टाकीच्या कामाला जावं लागलं, आणि जाता जाता ते सासुरवाडीत डोकावले. आपल्याकडे बाप्यामाणसाने एकाएकी मिशी काढली म्हणजे त्याचा अर्थ एकच. सासूबाईंनी ओट्यावरून जावयाचं ते उघडंबोडकं तोंड पाहिलं आणि ‘‘व्याही गेले गं बाई!’’ म्हणून जो हंबरडा फोडला, तो ऐकून निम्मी आळी गोळा झाली. सासऱ्यांनी टोपी काढली. शेजारणींनी चूल विझवली. साडूंचे वडील, जे त्या वेळी संगमनेरात धडधाकट उसाचा रस पीत होते, त्यांना फोनवर स्वतःच्या तोंडाने ‘मी हाय’ असं सांगावं लागलं. दुसऱ्या कुणा जावयाने हे केलं असतं तर त्याला जन्मभर ऐकून घ्यावं लागलं असतं. साडूंना सासूबाईंनी मीठमोहऱ्या ओवाळून पुरणपोळी वाढली, आणि वजन वाढेल म्हणून त्यांनी ती अर्धीच खाल्ली याचंही कौतुक झालं.

गाडी तयार झाली आणि मग निघाला शेजारच्या सीटचा प्रश्न. रॅलीत चालवणाऱ्याच्या शेजारी एक माणूस लागतो. त्याने रस्ता आधी बघून ठेवायचा आणि ऐन वेळी पुढचं वळण कसं आहे ते ओरडून सांगायचं, कारण चालवणाऱ्याला धुळीत काही दिसत नसतं. ती सीट मला हवी होती. इतकी हवी होती, की मी सलग तीन रविवार पाना वेळेवर दिला. मागितली मात्र नाही. आपण नात्याने मोठे, आपण कसं मागायचं?

साडूंनी आधी स्वतःच्या बायकोला बसवून पाहिलं. ती प्रत्येक वळणाला डोळे मिटून घेई आणि वळण सरल्यावर ‘झालं का?’ म्हणून विचारी. मग ते माझ्याकडे वळून म्हणाले, ‘‘दाजी, तुमी बसता का?’’ मी ‘बघू’ असं म्हणेपर्यंत माझं डोकं हेल्मेटात गेलेलंसुद्धा होतं.

संगमनेरच्या दक्षिणेला पठारावर मोकळे मातीचे रस्ते आहेत, तिथे आम्ही गेलो. गाडी सुटली. सांगायचं काम माझं होतं, आणि मी ते माझ्या परीने चोख बजावलं. ‘‘आता यापुढे,’’ मी म्हणालो, ‘‘साधारणपणे त्या बाभळीच्या किंचित अलीकडे रस्ता डावीकडे वळतो असं दिसतं, तेव्हा तुम्ही –’’ वाक्याचं क्रियापद यायच्या आत आम्ही बाभळीच्या पलीकडे, कुणाच्या तरी कांद्याच्या वाफ्यात उभे होतो. माझ्या हेल्मेटावरची कांद्याची पात साडूंनी अदबीने काढली आणि म्हणाले, ‘‘वाक्य झाक हुतं दाजी.’’

रस्त्याकडेला माझी बायको जेवणाचा डबा घेऊन उभी होती आणि पोट धरून हसत होती. साडू तिला म्हणाले, ‘‘ताई, एक फेरी बसून बघा.’’ ती नको म्हणेल याची मला खात्री होती. माझ्या गाडीत ती हातातली पर्स मांडीवर घेऊन, समोर बघत, मुकाट बसते. फार तर ‘अहो, जरा सावकाश’. पण तिने डबा माझ्या हातात दिला, पदर कमरेला खोचला आणि जाऊन बसली.

काही झालं तर कळावं म्हणून साडूंनी आपल्या मोबाईलवरून मला फोन लावून तो गाडीत चालूच ठेवला होता. मी डबा एका हातात आणि फोन कानाला, असा उभा. सुरुवातीला नुसता घरघराट. मग एक आवाज आला. ‘‘म्होरं इळा हाय, डावा इळा! आवळा! आवळा की भाऊजी! आता सोडा... कासरा हाय, सरळ हाय, दाबा! खुरपं! उजवं खुरपं! आरं दाब की रं, काय गाडी हाय का बैल!’’

कोण बोलतंय ते मला क्षणभर कळलंच नाही. तिने तेवढ्यात वळणांची नावंसुद्धा ठरवून टाकली होती : बेताचं वळण तो विळा, अगदी आखूड वळण ते खुरपं, लांब सरळ रस्ता तो कासरा. लहानपणी ती वडिलांच्या शेजारी ट्रॅक्टरच्या चाकावरच्या पत्र्यावर बसून शेतात जायची, हे मला माहीत होतं. हा आवाजही माझ्या ओळखीचा होता, पण तो मी लग्न झाल्यावरचे पहिले काही महिनेच ऐकला होता. मग ती आमच्या प्राध्यापकांच्या कॉलनीत राहायला आली आणि सोनईची बोली हळूहळू तिच्या तोंडून गेली. मी तिला कधी काही म्हटलं नाही. म्हणायची वेळच आली नाही, इतकी ती भराभर ‘आहे’ आणि ‘नाही’ म्हणायला शिकली. आणि आता ती दुसऱ्याच्या गाडीत ‘हाय’ म्हणून खदखदून हसत होती, आणि ते मी फोनवर ऐकत होतो. सीट गेल्याचं दुःख मी तिथेच विसरलो, कारण त्याहून मोठं काहीतरी गेलं होतं.

रॅली झाली. त्या दिवशी गाडीने दगा द्यावा अशी इच्छा मी देवळात जाऊन व्यक्त केली नाही, पण देवळावरून जाताना ती माझ्या मनात होती. गाडीने दगा दिला नाही. शेवटच्या टप्प्यात मेंढरांचा कळप आडवा आला, तेव्हा माझ्या बायकोने खिडकीतून अर्धी बाहेर येऊन धनगराला असा काही आवाज दिला, की मेंढरांच्या आधी धनगरच रस्त्यातून बाजूला झाला. त्यांच्या गटात ते चौथे आले. गटात एकूण पाच गाड्या होत्या आणि पाचवी पोहोचलीच नाही. साडूंनी तरी पेढे वाटले, स्वतःला पहिल्या आलेल्यापेक्षा जास्त आनंद झाल्याचं पहिल्या आलेल्याला जाऊन सांगितलं, आणि तोसुद्धा त्यांच्या गळ्यात पडला.

गर्दी पांगल्यावर ते माझ्यासमोर आले. त्या गाडीच्या स्टिअरिंगला त्यांनी आजवर कोणाला हात लावू दिला नव्हता, पोटच्या पोरालासुद्धा नाही. त्यांनी किल्ली माझ्या तळहातावर ठेवली.

‘‘सकाळधरनं तुमचं त्वांड बघतोय दाजी. बसा. ताईंना घ्या शेजारी.’’

मी बसलो. ती शेजारी बसली. लाल गाडी, मातीचा मोकळा रस्ता, उतरतं ऊन, आणि माझ्या हातात ते स्टिअरिंग. गाडी पुढे निघाली. समोर वळण दिसत होतं. ते मला चांगलं दिसत होतं, तरी मी कान देऊन थांबलो.

‘‘अहो, पुढे वळण आहे,’’ ती म्हणाली. ‘‘जरा जपून.’’

मी गाडी अगदी हळू केली. ‘‘तसं नको. मघाशी बोलत होतीस तसं सांग ना.’’

पदराचं टोक बोटाला गुंडाळत ती हळूच म्हणाली, ‘‘तुमच्याम्होरं लाज वाटती मला.’’

हे आपण कोणत्या बोलीत बोललो ते तिच्या ध्यानात आलं नाही, आणि मीही ते दाखवून दिलं नाही. वळण माझं मीच घेतलं, सांभाळून, आणि गाडी फिरवून साडूंपाशी आणून लावली. ते शर्टाच्या बाहीने काचेवरची धूळ पुसत, लहान मुलासारखे माझ्या तोंडाकडे बघत होते. ‘‘काय दाजी, कशी हाय?’’

‘लई भारी हाय’ असं म्हणायचं माझ्या अगदी ओठावर आलं होतं. तोंडातून निघालं ते ‘उत्तम आहे’. साडूंना तेवढंही पुरलं. ते खुशीने गाडीभोवती एक चक्कर मारून आले. त्यांचा हेवा मला अजूनही वाटतो, रोज वाटतो. फक्त आता तो गाडीचा वाटत नाही.