नाल्यावर घेतलेला आळ

सासऱ्यांनी बायकोला लग्नात स्वतःच्या हातानं करून दिलेली सागवानी पेटी मी ब्लीचिंग पावडरनं धुतली आणि भर उन्हात अंगणात ठेवली.

आदल्या दिवशी नाल्याचं पाणी घरात शिरलं होतं. पेटीला ते खालून चारच बोटं लागलं. पण नाल्याचं पाणी म्हणजे जंतू, आणि जंतू म्हणजे पावडर! मापाचा चमचा सापडेना, म्हणून मी मूठ वापरली. पेटी झाकणासकट घासली.

बायको म्हणाली, ‘‘अहो, चिखल साबणाच्या पाण्यानं पुसा अन् पंख्याखाली ठेवा. लाकूड सावलीत हळूहळू वाळू द्यावं लागते, बाबा नेहमी सांगतात.’’

‘‘पंखा कशाले पाहिजे? नागपूरचं ऊन आहे, दोन तासांत कडक!’’ आमच्या गावच्या उन्हाचा मला फार अभिमान. पापड, कुरड्या, मिरच्या, सगळं त्यात वाळतं. सागवान हा पापडाचाच जाड भाऊ असावा, असा माझा समज.

दुपारी कडाड् असा आवाज आला. झाकण मधोमध तडकलं होतं आणि त्यावर कोड फुटल्यासारखे पांढरे डाग उमटले होते. बायकोनं पेटी ओढत सावलीत नेली.

संध्याकाळी सावनेरहून सासऱ्यांचा फोन आला. पेटीचं विचारलं. मी आवाज जड करून म्हणालो, ‘‘काय सांगू बाबा, पुरानं घात केला.’’ बायको शेजारीच उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि आत निघून गेली.

मला वाटलं, भागलं. म्हातारा चौथ्या दिवशी एसटीनं हजर! हात आता थरथरतात, रंधा कधीच सुटला. दुसरी पेटी होणे नाही, हे आम्हा तिघांनाही ठाऊक. चहासुद्धा न घेता ते पेटीपाशी उकिडवे बसले. खालची चिखलाची रेघ बोटानं मोजली. मग तेच बोट सावकाश वर, झाकणावरच्या तड्यापर्यंत नेलं. डागांचा वास घेतला. मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होतो.

‘‘नाल्याले काहून बदनाम करून राहिले, जावईबापू?’’ ते म्हणाले. ‘‘त्यानं तं फक्त भिजवली. मारली तुम्ही.’’