छापील म्हातारीचा तीळ

आमच्या आर्णीत, माझ्या घरासमोर एक पेंटर आहे. गेलेल्या माणसांची चित्रं काढून देतो, घरोघरी हार घालायला. त्याच्याकडे एक पोरगी शिकून राह्यली. नाव मी कधी विचारलं नाही. बोलते कमी, अन् बोलली तरी कागदाकडे पाहूनच. खडू धरला की श्वाससुद्धा जपून घेते.

परवा मी ताक घेऊन गेली, तर ती सरावासाठी छापील चित्रातल्या एका परदेशी म्हातारीचा चेहरा कागदावर उतरवत होती. पाहते तर कागदावर नाक माझं, अन् हनुवटीवरचा तीळही माझाच.

"काहून वं, त्या बाईले तीळ कुठं आहे?"

"नाही आहे आजी. तिलेच पाहून राह्यली, पण हातातून तुमीच येऊन राह्यल्या."

"पुसून टाक ते. तुमच्या दुकानात जित्या माणसाचं काय काम?"

तिनं फडक्यानं कागदावरचा सारा चेहरा पुसला. मला हायसं वाटलं. मग छापील चित्र पालथं ठेवून तिनं नवा कागद लावला, अन् स्टूल माझ्याकडे सरकवलं.

"बसा आजी," चहा घेता का विचारावं तसं ती म्हणाली. "वेळेवर कोणाचाच चांगला फोटो सापडत नाही."

मी पदर नीट केला अन् बसली.